सहकारी रॉकेट आणि आठ कळ्यांची छत्री

नोकरीत मी किती स्टार्टर उघडले आणि किती रेडिओ बोलते केले याला गणती नाही, पण लोक मला विचारतात ते एकाच गोष्टीबद्दल. 'बाई, ते रॉकेटचं काय झालं होतं हो?' लग्नात विचारतात, एसटी स्टँडवर विचारतात, एकदा तर मयतीला बसले असताना शेजारणीने हळूच विचारलं. सांगायला लागले की मला हसू आवरत नाही आणि गोष्ट अर्धीच राहते. म्हणून म्हटलं, एकदाची लिहूनच काढावी.

भूम आणि परंड्याच्या मधल्या एका बाजाराच्या गावी आमचा सहकारी संघ होता. पुढे खताचं आणि बियाण्याचं दुकान, मागे पत्र्याच्या शेडमध्ये दुरुस्ती विभाग. विभाग म्हणजे मी, एक टेबल, एक सोल्डरिंग गन आणि बसायला आलेल्यांसाठी एक बाक. कामं तीन प्रकारची. लग्नाचे माईक, घरचे रेडिओ आणि विहिरीवरच्या मोटारींचे स्टार्टर. स्टार्टर म्हणजे मोटार चालू-बंद करणारी लोखंडी पेटी. आत तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं, त्याला कॉइल म्हणायचं. वीज कमीजास्त झाली की कॉइल जळते, आणि जळली की शेतकरी पेटी खांद्यावर टाकून माझ्याकडे येतो.

मी आयटीआयला रेडिओचं काम शिकलेली. वडील शाळेत शिपाई होते. धर्मांतरानंतर त्यांनी एकच हट्ट धरला होता, पोरांनी शिकायचं, आणि मुलगी म्हणून त्यातून मला सूट नव्हती. आमच्या विहारातला माईक दर जयंतीला ऐन मिरवणुकीत घसा धरायचा. तो मी बरा केला तेव्हापासून वडील जो भेटेल त्याला सांगत सुटले, 'आमची सुमन मिस्त्री हाय.' संघात लागल्यावर तर त्यांची छाती मावेना. गिऱ्हाइकांना मात्र हे पटायला वेळ लागायचा.

'मिस्त्री कुठं गेलं?'

'मीच मिस्त्री.'

'तसं न्हाय. रेडू दुरुस्त करनारं मिस्त्री.'

'मीच करते.'

मग तो गृहस्थ बाकावर बसून मिस्त्रीची वाट बघायचा. मी त्याच्या समोर रेडिओ उघडून, नीट करून, गाणं लावून त्याच्या हातात द्यायची. तो निघताना म्हणायचा, 'मिस्त्री आलं की सांगा, काम बेस झालं म्हनून.'

एक म्हातारबुवा तर चांगला चालणारा रेडिओ घेऊन आले होते. तक्रार काय, तर हा रोज खोटं बोलतो. बातम्यांत रोज सांगतो, मराठवाड्यात तुरळक ठिकाणी पाऊस पडेल. 'बाई, त्या तुरळकात आमचं गाव बसंल असं कायतरी करा.' मी मागचं झाकण काढून, फुंकर मारून परत लावलं. त्यांनी आठवडाभराने येऊन सांगितलं की अजून फरक नाही.

पाऊस नव्हताच. बहात्तरच्या दुष्काळावर सगळे बोलतात. माझा दुष्काळ त्याच्या बराच नंतरचा, ऐंशीच्या दशकातला, धाकटा. त्याला कोणी विचारत नाही, पण आम्हाला तो पुरून उरला. विहिरी तळाला गेल्या, मोटारी बंद पडल्या आणि मोटारी बंद म्हणून स्टार्टर जळेनात. माझ्या टेबलावर माश्या बसायला लागल्या. संघाच्या संचालकांनी त्या माश्या बघितल्या आणि ठरवलं की येत्या सभेत दुरुस्ती विभाग बंद करण्याचा ठराव आणायचा. विभाग बंद म्हणजे मी घरी. माझ्या पगारावर आई आणि थकलेले वडील होते. पण खरं सांगते, पगारापेक्षा मला भीती वाटत होती ती वडिलांना हे सांगण्याची.

अशात आमचे चेअरमन आण्णा अभ्यास दौऱ्यावरून परत आले. अभ्यास दौरा ही सहकारातली मोठी चीज. दूध बघायला जायचं, ऊस बघायला जायचं आणि येताना देवदर्शन करायचं. आण्णांना या वेळी लॉजवर कोणीतरी सांगितलं होतं की परदेशात ढगात रॉकेट मारतात, त्यात मीठ भरतात आणि पाऊस पाडतात. आण्णा बॅग घरी न टाकता थेट माझ्या शेडमध्ये आले.

'सुमन, ढगाला बान मारायचा.'

'आण्णा, ढग कुठंयत?'

'येतील की. तवर आपली तयारी नको का? तुझ्याकडं तर काम बी न्हाय.' मग आवाज खाली आणून म्हणाले, 'पोरी, सभेत मला सांगता आलं पायजे, हा विभाग पावसाचं काम करतोय म्हनून. मग कोन बंद करतंय बघू.'

आण्णांना विज्ञान कळत नव्हतं, पण सभा कळत होती. मी हो म्हणाले.

रॉकेट करायला आम्ही चांदभाईंना आणलं. ते जत्रांसाठी आणि वरातींसाठी शोभेची दारू करायचे. त्यांच्या भुवया कायमच्या जळालेल्या होत्या, त्यामुळे चेहरा सतत आश्चर्य वाटल्यासारखा दिसायचा. त्यांनी वरातीतल्या बाणाचा थोरला भाऊ बनवला. आण्णांनी त्यात मिठाची पुडी बसवली आणि एका सकाळी माळावरून तो सोडला. गेला छान. वर जाऊन दिसेनासा झाला. मग डोकं खाली करून आला आणि जनावरांच्या छावणीतल्या कडब्याच्या गंजीत घुसला. धूर निघाला. विझवायला पाणी कुठलं, लोकांनी घोंगड्या मारमारून आग विझवली. दुष्काळात कडब्याची पेंढी म्हणजे काय ते मला ठाऊक होतं. जळालेल्या पेंढ्यांजवळ एक बाई नुसती उभी होती. ते आठवलं की अजून वाईट वाटतं.

छावणी तहसीलदारांच्या अखत्यारीतली. ते जीपने आले, गंज बघितली आणि आम्हा तिघांना समोर उभं केलं. शांत माणूस, पण शब्द मोजून मापून.

'वर काय पाठवायचं ते पाठवा. खाली येताना ते सावकाश आलं पाहिजे. पॅराशूटची छत्री उघडली पाहिजे, माझ्या डोळ्यांदेखत उघडली पाहिजे, आणि वस्तू मला परत दिसली पाहिजे. त्याशिवाय परवानगी नाही.'

चांदभाई मला बाजूला घेऊन म्हणाले, 'बाई, उप्पर भेजना मेरा काम. नीचे लाना अल्ला का. अब वो काम तुमे करते क्या?'

'बघते,' मी म्हणाले.

आता ढग, मीठ, पाऊस सगळं बाजूला राहिलं. फक्त छत्री वेळेवर उघडते का हे बघण्यासाठी एक लहान रॉकेट करायचं ठरलं. आयुष्यात इतक्या आनंदाने मी दुसरं कुठलंही काम केलं नाही. सकाळी शेडचं कुलूप उघडताना माझे हात घाईला यायचे.

कापडाच्या दुकानात तागा गुंडाळायची पुठ्ठ्याची नळी मिळाली, ते अंग. सुताराकडून पोकळ लाकडी टोपी कोरून घेतली, ते डोकं. पातळ प्लायवुडचे पंख शेपटाला चिकटवले. रॉकेट हवेत सरळ जाईल की कोलांट्या खाईल हे कळायला एक सोपी युक्ती आहे. पोटाला दोरी बांधायची आणि डोक्याभोवती गरगर फिरवायचं. तोंड पुढे ठेवून फिरलं तर ते सरळ जाणार. मी अंगणात पदर खोचून ते फिरवायची. रस्त्याने जाणारे थांबायचे. एकाने विचारलं, 'बाई, गोफन फिरवताय, पर पाखरं कुठं हायत?' आईने तर काही दिवस दार लावूनच घेतलं.

मग पोटातलं यंत्र. रॉकेट सगळ्यात उंचावर पोचलं की छत्री निघायला हवी. आधी निघाली तर फाटते, उशीर झाला तर उपयोग नाही. त्यासाठी मी जुन्या रेडिओंतून काढलेल्या सुट्या भागांचं घड्याळ केलं. त्यातला मुख्य भाग कपॅसिटर. तो एखाद्या रांजणासारखा समजा. त्यात वीज थेंबथेंब भरते, आणि काठोकाठ भरली की ट्रान्झिस्टर, म्हणजे रेडिओतलं आपोआप दबणारं बटण, जागा होतो. ट्रान्झिस्टर जागा झाला की विजेच्या शेगडीतल्या तारेचा एक तुकडा लाल होतो, त्याने चांदभाईंची चिमूटभर दारू पेटते, टोपी उडते आणि छत्री बाहेर पडते. आता रांजण भरायला सुरुवात कधी करायची? त्यासाठी रॉकेटपासून जमिनीतल्या खुंटीपर्यंत केसासारखी बारीक तांब्याची तार ताणलेली. ती शाबूत आहे तोवर घड्याळ झोपलेलं. रॉकेट उडालं की तार तुटते आणि घड्याळ चालू होतं. या तारेवर सगळा खेळ होता.

छत्रीला कापड हलकं हवं. पहिल्या पगारातून घेतलेली माझी पोपटी नायलॉनची साडी होती, ती घेऊन मी शिंप्याकडे गेले. आठ पाकळ्या कापून मधे लहान भोक ठेवून शिवा, म्हणून चित्र काढून दिलं. त्यांनी चष्मा वर करून बघितलं.

'हा तर आठ कळ्यांचा परकर हाय.'

'परकर नाही, छत्री आहे.'

'मग नाडा टाकायचा का न्हाय?'

लहान छत्री पुरेल म्हटलं तर ऐकेनात. इतक्या चांगल्या साडीच्या चिंध्या करायला त्यांची कात्री धजेना. सबंध साडी वापरली. झालेली वस्तू खरोखर एखाद्या राक्षसिणीच्या परकरासारखी दिसत होती. घडी चिकटू नये म्हणून मी तिला टाल्कम पावडर लावली, आणि वर उघडलेली लांबून दिसावी म्हणून टोपीत मूठभर गुलाल भरला. चांदभाईंची दारू तिला जाळू नये म्हणून मधे शेणाने सारवलेली पुठ्ठ्याची चकती घातली.

शेडमध्ये सगळं झकास चालायचं. माळावर नेलं की घड्याळ घाई करायचं. डोकं खाजवून शेवटी कळलं की ऊन लागलं की माझे जुने ट्रान्झिस्टर रांजण भरायच्या आधीच जागे होतात. मी घड्याळाच्या डब्याला ओलं फडकं गुंडाळून बघितलं. तिथून घागर घेऊन जाणारी एक म्हातारी थांबली. 'मानसाला प्यायला न्हाय आन तुज्या नळकांड्याला आंघूळ व्हय?' मी फडकं सोडून ठेवलं. त्यानंतर मी रॉकेट शेवटच्या क्षणापर्यंत बाभळीच्या सावलीत ठेवायला लागले, आणि तेवढ्याने भागलं.

परीक्षेचा दिवस ठरला. आण्णांनी त्याचा समारंभ केला. मांडव, खुर्च्या, माझाच दुरुस्त केलेला माईक, आणि छावणीतली झाडून सगळी माणसं. तहसीलदार प्रमुख पाहुणे. आण्णांचं भाषण चाललं होतं आणि मी बाभळीखालून रॉकेट आणून उभं केलं, तार ताणली, सेल जोडले आणि चांदभाईंची वात बघायला मागे वाकले.

आमच्या संघाचे सेक्रेटरी फार व्यवस्थित माणूस. उद्घाटन म्हटलं की स्टीलच्या ताटात कात्री, हळदकुंकू आणि लाल फीत. ताट त्यांनी आणलं होतं, पण फीत बांधायला त्या उघड्या माळावर दोन खांब कुठे मिळेनात. मग त्यांची नजर माझ्या तारेवर गेली. एका बाजूला रॉकेट, एका बाजूला खुंटी, मधे आयती ताणलेली तार. त्यांनी फीत तिच्यावर सुरेख गुंडाळली, मधोमध फूल केलं आणि ताट तहसीलदारांच्या पुढे धरलं.

मी मान वर केली तेव्हा कात्री बंद होत होती.

टाळ्या पडल्या. घड्याळ सुरू झालं. रॉकेट जागच्या जागी उभं, तहसीलदार त्याच्यावर वाकून कुंकू लावतायत, आणि पोटात रांजण भरतोय. मी माईककडे धावले आणि ओरडले, 'साहेब, बाजूला व्हा.' माईक इतका चांगला दुरुस्त झाला होता की माझा आवाज सगळ्या माळावर घुमला आणि सगळी गर्दी बाजूला झाली. तहसीलदार तेवढे, कोणते साहेब म्हणून मागे वळून बघत राहिले.

फट् झालं. टोपी त्यांच्या कानाजवळून गेली. गुलालाचा ढग उठला आणि आठही कळ्या भडाभडा बाहेर येऊन त्यांच्या डोक्यावर बसल्या. पोपटी नायलॉनखाली काहीतरी हललं, दोन हातांनी कापड वर केलं आणि आतून तांबडेलाल तहसीलदार निघाले. अंगाला टाल्कम पावडरीचा घमघमाट. हळद लागलेला नवरदेव बरा दिसला असता.

'उघडली,' ते म्हणाले.

'हो साहेब.'

'माझ्या डोळ्यांदेखत.'

'हो साहेब.'

चांदभाई खाली बसले होते आणि त्यांचे खांदे हलत होते. 'बाई,' ते कसेबसे म्हणाले, 'अपने राकेट कू तो उप्पर जानेकीच जरूरत नै पडी.'

त्यावर पहिले तहसीलदार हसले. साहेब हसले म्हणून आण्णा हसले, आणि मग सगळी छावणी फुटली. दोन पावसाळे कोरडे गेलेली ती माणसं, त्यांना इतकं हसताना मी पाहिलंच नव्हतं. पोट धरून खाली बसलेल्यांत ती घागरवाली म्हातारीही होती.

'पण ते परत दिसायला हवं असं मी म्हणालो होतो,' रुमालाने गुलाल पुसत तहसीलदार म्हणाले. 'वर गेल्याशिवाय परत कसं येणार? पुन्हा लावा. मी बसतो.'

ते तसेच गुलालात खुर्चीवर बसले. मी नवी तार ताणली, छत्रीची घडी घातली, टोपीत पुन्हा गुलाल भरला, चांदभाईंनी नवी चिमूट भरली. सेक्रेटरींना आण्णांनी मांडवाच्या मागे बसवलं आणि कात्री स्वतःच्या खिशात ठेवली. मग वात पेटली.

काय सांगू. इतकं सरळ गेलं की मान मागे टाकून बघताना माझा पदर पडला तरी मला कळलं नाही. वर जात जात ते मंदावलं, जणू थांबलं, आणि बरोबर त्याच क्षणी गुलाबी ठिपका फुटला. त्याच्या खाली पोपटी छत्री उघडली. सबंध तालुक्यात त्या दिवशी हिरवं असं तेवढंच होतं. मी टाळ्या वाजवत उड्या मारत होते, नोकरीला असलेली बाई, सगळ्यांसमोर.

मग लक्षात आलं की ते खाली येत नाहीये. सबंध साडीची छत्री, तापलेल्या माळावरून वर चढणारी गरम हवा. रॉकेट थोडं आणखी वर गेलं आणि आरामात पूर्वेकडे निघालं.

'बाई, ते खाली का येत नाही?'

'साहेब, तुम्हीच सावकाश यायला सांगितलं होतं.'

सगळे पळाले. पुढे पोरं, मागे धोतराचा सोगा हातात धरलेले आण्णा, त्यांच्या मागे चांदभाई, मग मी, आणि बाजूने तहसीलदारांची जीप. पळतानाही लोक हसत होते. कोणी ओरडत होतं, 'सुमनबाई, साडी चालली तुमची.' जीप ओढ्याच्या वाळूत रुतली. आम्ही टेकाडावर पोचलो तेव्हा छत्रीचा ठिपका झाला होता, आणि बघता बघता तोही गेला.

आसपासच्या गावांत माणसं पाठवली. सापडलं नाही. तहसीलदारांनी मला बोलावून घेतलं आणि खरोखर वाईट वाटून म्हणाले, 'काम तुम्ही उत्तम केलंत. पण वस्तू परत दिसली नाही. अशी किती कुठे जाऊन पडतील? परवानगी मी देऊ शकत नाही.' त्यांचं चुकलं असं मी म्हणू शकले नाही.

आण्णांनी सभेची विषयपत्रिका माझ्यापासून लपवून ठेवली, पण दुरुस्ती विभागाचा ठराव तिच्यात आहे हे मला समजलं होतं. हसू ओसरलं. मी स्क्रू, वायसर, तारा वेगवेगळ्या डब्यांत भरायला घेतल्या. वडील रोज विचारायचे, 'काय म्हनतंय आपलं डिपार्टमेंट?' मी म्हणायची, 'बरं चाललंय.' आणि मोरीत जाऊन तोंड धुवायची.

सभेच्या आदल्या दिवशी दुपारी दारात एक शेतकरी उभा राहिला. अनोळखी. एका काखेत माझं रॉकेट, पुठ्ठा जरासा चेपलेला. खांद्यावर पोपटी गाठोडं.

'मिस्त्री बाई तुमीच का? ह्येच्यावर गावाचं, संघाचं नाव लिवलंय, सापडल्यास दुरुस्ती विभागात आनून द्यावे. आमच्या मळ्यात पडलं. एसटी बदलत बदलत आलो.'

मी रॉकेट हातात घेतलं आणि उलटसुलट करून बघितलं. 'एवढ्या लांब कशाला आलात हो?'

'आवो, आमी तळ्याखालचे. आमच्याकडं अजून पानी हाय, मोटारी रातंदिस चालू. इतक्या चालत्यात की जळत्यात. दुरुस्त करनारं कोन न्हाय जवळ.' त्याने गाठोडं टेबलावर ठेवलं आणि गाठ सोडली. आत लोखंडी पेटी. 'म्हनलं, वरनं पत्ता आलाय तर जाऊन यावं. भायेर अजून धा-बारा हायत. समद्या गावानं दिल्यात.'

मी बाहेर बघितलं. एसटीच्या टपावरून उतरवलेल्या स्टार्टरांची रास फाटकाशी पडली होती आणि आण्णा तिच्याभोवती चकरा मारत एकेका पेटीला हात लावून बघत होते.

मी पेटीचं झाकण काढलं. जळक्या कॉइलचा वास भसकन नाकात शिरला. कित्येक महिने तो माझ्या शेडमध्ये आला नव्हता. मी डोळे मिटून, छाती भरून तो आत घेतला, आणि डोळ्यांतून पाणी यायला लागलं तरी हसतच राहिले.

'काय झालं बाई?' तो घाबरून म्हणाला. 'लई खराब झालंय का?'

'नाही हो दादा,' मी म्हणाले. 'आमच्या डिपार्टमेंटला पाणी लागलं.'